गिअरचा दांडा अडकतो तेव्हा

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, क्लचवर पाय दाबलेला आहे आणि गिअरचा दांडा मात्र जागचा हलत नाही. वर जात नाही, खाली येत नाही. अशा वेळी बहुतेक माणसे एकच उपाय करतात : जोर लावतात. एका हाताने जमले नाही तर दोन्ही हातांनी. दांडा कधी हलतो, कधी वाकतो, तर कधी त्याच्या मुळाशी असलेली एखादी पिन तुटते आणि मग गाडी दुसऱ्या गाडीला बांधूनच घरी न्यावी लागते.

या लेखात आपण अशा अडकण्याचा एक विशिष्ट प्रकार पाहणार आहोत. अमेरिकेत बनलेल्या जुन्या पिकअप गाड्यांत तो इतका नेहमीचा आहे की, ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला तो कधी ना कधी भेटतोच. गंमत अशी, की आत काय घडले आहे हे ज्याला ठाऊक आहे तो बॉनेट उघडून, हातात एकही अवजार न घेता, दोन मिनिटांत दांडा मोकळा करतो. ज्याला ठाऊक नाही तो अख्खी गिअरपेटी खोलायला निघतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार होतो.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची लहानशी खोली आणि मागे माल टाकायला उघडा हौदा असलेली गाडी. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिका १९४८ साली सुरू झाली. शेव्हर्ले कंपनीच्या 'सी' मालिकेच्या गाड्या १९६० पासून आल्या. शेतकरी, सुतार, नळ बसवणारे कारागीर अशा लोकांची ही गाडी. पुढच्या खोलीत खुर्च्या नसत, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब बाक असे आणि त्यावर तिघे बसत. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला असला, तर मधल्या माणसाने गुडघे कुठे ठेवायचे? म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखानदारांनी दांडा जमिनीवरून उचलला आणि स्टिअरिंगच्या खांबावर, चाकाच्या खाली, उजव्या बाजूला बसवला. प्रथम मोटारींत आणि मग पिकअपमध्येही. या मांडणीला लोकांनी गमतीचे नाव दिले : 'थ्री ऑन द ट्री', म्हणजे झाडावरचे तीन. झाड म्हणजे स्टिअरिंगचा खांब आणि तीन म्हणजे पुढे जाण्याचे तीन गिअर. अशा पिकअप १९८० च्या दशकापर्यंत बनत होत्या.

आपल्याकडेही ही मांडणी अनोळखी नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, तिचा गिअरचा दांडा अनेक वर्षे स्टिअरिंगच्या खांबावरच असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढे बसलेल्या कुणालाही तो आठवेल. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सींनी मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. उत्तरपाड्याला बनणाऱ्या अँबॅसॅडरलाही कित्येक वर्षे असाच दांडा होता. या गाड्यांना पुढे जाण्याचे चार गिअर असल्यामुळे त्यांच्या जोडण्यांची मांडणी थोडी निराळी. पण एका दांड्याने दूरवरची अनेक कामे करून घ्यायची, ही अडचण तीच.

आता आत शिरू.

इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरपेटी कशाला हवी, हे बहुतेकांना माहीत असते. तरी एक हिशेब करून ठेवू, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. समजा, इंजिनाचा दंड मिनिटाला २,००० फेरे घेत आहे. पहिल्या गिअरमध्ये गिअरपेटी हे फेरे तिसऱ्या हिश्श्यावर आणते, म्हणजे प्रमाण ३ : १. मागच्या आसाजवळची दंतचक्रे ते आणखी चौथ्या हिश्श्यावर आणतात. म्हणून चाक मिनिटाला २,००० ÷ १२, म्हणजे सुमारे १६७ फेरे घेते. टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर गाडी मिनिटाला सुमारे ३६७ मीटर, म्हणजे ताशी २२ किलोमीटर जाते. तिसऱ्या गिअरमध्ये गिअरपेटी फेरे मुळीच कमी करत नाही, प्रमाण १ : १. त्याच इंजिनवेगाला चाक ५०० फेरे घेते आणि गाडी ताशी ६६ किलोमीटर धावते. पहिल्या गिअरमध्ये वेग तिसरा हिस्सा, पण चाकाला मिळणारा पीळ तिप्पट. घर्षणात थोडा जातो तो सोडून द्या. दुसऱ्या गिअरचे प्रमाण या दोहोंच्या मधले, समजा १.७ : १.

गिअर बदलताना आत काय सरकते? पुष्कळांची समजूत असते की दंतचक्रे एकमेकांपासून दूर जातात आणि दुसरी जवळ येतात. फार जुन्या पेट्यांत तसे होत असे आणि काही पेट्यांत पहिल्या व उलट गिअरला पुढेही तसे राहिले. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरसाठी निराळी युक्ती आहे. दंतचक्रांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. मात्र बाहेर जाणाऱ्या दंडावरचे दंतचक्र त्या दंडावर सुटे फिरत असते. दंडाबरोबर फिरणारे एक दातेरी कडे असते. ते सरकून ज्या दंतचक्राच्या बाजूला अडकते, त्या चक्राची चाल दंडाला मिळते. अडकण्याआधी दोहोंचे वेग जुळवून घेण्याची घर्षणाची सोय १९२८ साली कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. तोवर गिअर बदलणे ही एक कलाच होती आणि चुकले की कर्कश आवाजाने साऱ्या गल्लीला कळत असे.

आपल्या तीन गिअरच्या पेटीत असे सरकणारे भाग दोन. एकाचे काम पहिला गिअर आणि उलट गिअर, दुसऱ्याचे काम दुसरा आणि तिसरा. प्रत्येकाला एका चिमट्याने धरलेले असते आणि प्रत्येक चिमट्याचा एक लहान हात पेटीच्या बाहेर आलेला असतो. म्हणजे पेटीच्या कुशीत दोन लहान हात दिसतात. प्रत्येक हाताला तीन जागा : पुढे, मध्ये, मागे. दोन्ही हात मध्ये असले की गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे कोणत्याच गिअरमध्ये नाही.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही हात एकदमच मधून हलले तर? म्हणजे पहिला आणि दुसरा असे दोन्ही गिअर एकाच वेळी पडले तर काय होईल?

बीजगणिताने पाहू. पेटीत येणारा दंड मिनिटाला 'क्ष' फेरे घेतो असे माना. पहिल्या गिअरच्या आज्ञेप्रमाणे बाहेर जाणाऱ्या दंडाने क्ष ÷ ३ फेरे घ्यायला हवेत. दुसऱ्या गिअरच्या आज्ञेप्रमाणे त्याच दंडाने क्ष ÷ १.७ फेरे घ्यायला हवेत. दंड तर एकच आहे. तेव्हा क्ष ÷ ३ = क्ष ÷ १.७ असे समीकरण मांडावे लागते. याचे उत्तर एकच निघते : क्ष = ०. दोन्ही आज्ञा एकदम पाळायच्या तर दंडाने फिरायचेच नाही. पेटी दगडासारखी घट्ट होते. चालत्या गाडीत असे झाले, तर मागची चाके एकदम जाम होतील नाहीतर आतले दात मोडतील.

हे घडू नये म्हणून पेटी बनवणाऱ्यांनी आत एक पहारेकरी बसवलेला असतो. बऱ्याच पेट्यांत दोन चिमट्यांच्या दांड्यांमध्ये एक लहानशी पोलादी खुंटी आडवी ठेवलेली असते. दोन्ही दांड्यांवर मध्यावर एकेक खाच असते. खुंटीची लांबी नेमकी अशी ठेवतात, की तिचे एक टोक कुठल्या तरी एका खाचेत उतरलेले असलेच पाहिजे. एक दांडा मधून हलला, की तो खुंटीला ढकलून दुसऱ्याच्या खाचेत घुसवतो आणि दुसरा कुलूपबंद होतो. पहिला परत मध्यावर आल्याशिवाय दुसरा हलूच शकत नाही. काही पेट्यांत खुंटीऐवजी गोळ्या किंवा वेगळ्या आकाराचे तुकडे असतात, पण काम हेच. शिवाय प्रत्येक दांड्यावर स्प्रिंगने दाबलेली एक गोळी असते. ती आपापल्या खळगीत बसते तेव्हा हाताला 'टक्' असे जाणवते. चालकाला गिअर पडल्याचे कळते ते या गोळीमुळे.

तेव्हा हे लक्षात घ्या : दांडा अडकतो तेव्हा पुष्कळदा पेटी बिघडलेली नसते. उलट पेटीतला पहारेकरी आपले काम चोख करत असतो. जो माणूस जोर लावतो तो या पहारेकऱ्याशी कुस्ती खेळत असतो.

मग चूक होते कुठे? ती होते वर, स्टिअरिंगच्या खांबाच्या तळाशी.

चालकाच्या हातात दांडा एकच आहे आणि पेटीला हात दोन आहेत. एका दांड्याने दोन कामे करायची : आधी निवडायचे, मग ढकलायचे. दांडा आपल्याकडे ओढून खाली नेला की पहिला गिअर. आपल्याकडे ओढून वर नेला की उलट. पुढे ढकलून वर नेला की दुसरा आणि तिथून सरळ खाली आणला की तिसरा. यासाठी खांबाच्या आत किंवा खांबालगत एक नळी असते. दांडा वर-खाली केला की ती आपल्या आसाभोवती फिरते. दांडा पुढे-मागे केला की ती, किंवा तिच्यातली कळ, लांबीच्या दिशेने थोडी सरकते. तळाशी तिला एक पोलादी जीभ असते. जिभेच्या शेजारी एकाखाली एक असे दोन हात बसवलेले असतात आणि प्रत्येकाला एक खाच असते. जीभ ज्या हाताच्या खाचेत असेल, तो हात नळीबरोबर फिरतो. त्या हाताला जोडलेली सळई पेटीच्या कुशीतला तिचा हात ढकलते.

पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना जिभेला एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जायचे असते. ती जाईल केव्हा? दोन्ही खाचा अगदी समोरासमोर आल्या तरच. तुमच्या घरी जुने लाकडी दार असेल तर हे सहज कळेल. पावसाळ्यात दार फुगते, थोडे खाली बसते आणि मग कडी कोयंड्यात जात नाही. कडी शाबूत असते, कोयंडा शाबूत असतो, फक्त दोघांची ओळ चुकलेली असते. आपण काय करतो? कडीवर हातोडा मारत नाही. दार थोडे उचलतो आणि कडी आपोआप सरकते.

पिकअपमध्ये ओळ कशी चुकते? सळयांच्या टोकांना जिथे हात जोडलेले असतात, तिथे रबर, नायलॉन किंवा तत्सम पदार्थाचे लहान बुश असतात. वीस-तीस वर्षांत उन्हाने, तेलाने आणि रोजच्या घासण्याने ते झिजतात, चिरतात, गळून पडतात. मग भोक मोठे आणि पिन बारीक, असा ढिला कारभार राहतो. प्रत्येक सळईला दोन टोके. एकेका टोकाशी एक मिलिमीटर सैलपणा आला, असे समजा. म्हणजे एका सळईत दोन मिलिमीटर. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण इथे तरफेचा नियम आपली दुसरी बाजू दाखवतो.

दांड्याची मूठ खांबाच्या आसापासून ३० सें.मी. दूर आहे आणि खालचा हात ६ सें.मी. लांबीचा आहे, असे धरा. मग ही पाचपट तरफ झाली. मुठीवर ४ किलोग्रॅमचा जोर दिला की खाली २० किलोग्रॅमचा जोर मिळतो. शाळेत आपण एवढेच शिकतो आणि तरफेचे कौतुक करून थांबतो. पण जोर पाचपट होतो तेव्हा हालचाल पाचव्या हिश्श्यावर येते. उलट दिशेने पाहिले तर खालचा सैलपणा वर पाचपट होऊन दिसतो. खालचे दोन मिलिमीटर म्हणजे मुठीपाशी एक सेंटिमीटर. चालकाला मुठीची जी जागा न्यूट्रल वाटते, ती खरोखरच न्यूट्रल आहे की एक सेंटिमीटर अलीकडे आहे, हे त्याच्या हाताला सांगता येत नाही. खुद्द खाचेशी पाहिले, आणि ती आसापासून ३ सें.मी. वर आहे असे धरले, तर तिथे खाचेची कड एक मिलिमीटरने चुकते. जीभ अडखळायला एवढे पुरे होते.

आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन आणि गिअरपेटी रबराच्या गाद्यांवर बसवलेली असतात. स्टिअरिंगचा खांब मात्र गाडीच्या सांगाड्याला आणि खोलीला पक्का असतो. म्हणजे सळईचे एक टोक एका वस्तूवर आणि दुसरे टोक दुसऱ्याच वस्तूवर! रबराची गादी झिजून इंजिन किंचित खाली बसले, की दोन टोकांमधले अंतर बदलते. सळई तेवढीच असते, पण तिची लांबी आता चुकीची ठरते. दोन्ही सळया सारख्या प्रमाणात चुकत नाहीत, म्हणून दोन्ही खाचांची ओळ मोडते.

आता सगळे तुकडे जोडू. चालकाने पहिल्या गिअरवर गाडी हलवली. क्लच दाबून दांडा घाईघाईने वर उचलला. सळईतल्या सैलपणामुळे पेटीचा पहिल्या गिअरचा हात पूर्ण मध्यावर आला नाही, थोडा अलीकडेच राहिला. वर खांबातल्या स्प्रिंगने जिभेला दुसऱ्या खाचेकडे ढकलले. खाचा समोरासमोर नव्हत्या, तरी झिजलेल्या कडांवरून जीभ अर्धी घसरली. अर्धी या खाचेत आणि अर्धी त्या खाचेत. आता चालक दांडा वर ढकलतो तेव्हा जीभ दोन्ही हात एकदम ढकलू पाहते. पेटीतला पहारेकरी म्हणतो, दोन्ही एकदम नाहीत. दांडा खाली ओढला तरी तेच. जीभ परतही जाऊ शकत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना खाचांच्या कडा आवळल्या आहेत. दांडा जाम!

उपाय आता तुम्हीच सांगू शकाल. जिथे ओळ चुकली आहे तिथे ती सरळ करायची. पण त्याआधी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे आणि ती गोष्ट दांड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. गिअर अर्धवट अडकलेला असतो तेव्हा बहुधा तोच गाडीला धरून ठेवत असतो. तो मोकळा झाला की गाडी मोकळी होते आणि मोकळा करणारा माणूस त्या वेळी बॉनेटखाली वाकून गाडीच्या अगदी समोर उभा असतो. १,८०० किलोग्रॅमची पिकअप दहा मीटरला एक मीटर अशा उतारावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारा जोर १८० किलोग्रॅमचा असतो. दोघे-तिघे मिळूनही तो रोखू शकत नाहीत. म्हणून आधी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे किंवा चांगले मोठे दगड लावायचे. गाडी जुनी असेल तर तिचा हँडब्रेकही जुनाच असतो. एकट्या त्याच्यावर विसंबू नये. हे काम घरातल्या मोठ्या माणसाने किंवा मेकॅनिकने करायचे. विद्यार्थ्यांनी शेजारी, गाडीच्या वाटेबाहेर उभे राहून पाहावे.

मग बॉनेट उघडायचे. स्टिअरिंगचा खांब जिथे चालकाच्या खोलीतून इंजिनाच्या जागेत येतो, त्याच्या तळाशी ते दोन हात दिसतात. एक हात दुसऱ्याच्या ओळीत नाही, हे डोळ्यांनीच कळते. एकाने चालकाच्या जागी बसून दांडा जिथे न्यूट्रल असायला हवा तिथे सैल हाताने धरायचा आणि दुसऱ्याने ओळीबाहेर गेलेला हात बोटांनी ढकलून दुसऱ्याच्या ओळीत आणायचा. बहुधा हलक्याशा धक्क्याने तो सरकतो. पेटीतली गोळी आपल्या खळगीत बसल्याची 'टक्' जाणवते आणि दांडा असा मोकळा होतो की तो अडकला होता यावर विश्वास बसू नये. वर बसून दोन्ही हातांनी जे झाले नाही ते खाली दोन बोटांनी होते, कारण खाली आपण पहारेकऱ्याच्या विरुद्ध नव्हे तर त्याच्या मनासारखे करत असतो.

जुन्या पिकअपचे काही मालक एवढ्यावरच समाधान मानतात. दांडा अडकला की उतरायचे, बॉनेट उघडायचे, हात सरळ करायचे आणि पुढे निघायचे. माझ्या मते हा आळस महागात पडू शकतो. भर चौकात किंवा रेल्वेच्या फाटकात दांडा अडकला, तर ठोकळे कुठून आणणार? खरा इलाज स्वस्त आहे. झिजलेले बुश बदलायचे. ते फार थोड्या पैशांचे असतात. सांध्यांवरची जुनी, धुळीने मेणासारखी घट्ट झालेली ग्रीस पुसून नवी लावायची. इंजिनाखालच्या रबराच्या गाद्या पाहायच्या. मग सळयांची लांबी जुळवायची.

लांबी जुळवण्याची पद्धत मोठी सुबक आहे. खांबाच्या तळाशी असलेल्या दोन्ही हातांना बऱ्याच गाड्यांत मुद्दाम एकेक बारीक छिद्र ठेवलेले असते. दोन्ही हात बरोबर ओळीत आले की छिद्रावर छिद्र येते. पेटीच्या कुशीतले दोन्ही हात मध्यावर ठेवायचे. सळयांच्या टोकांचे नट सैल करायचे. वरच्या दोन्ही छिद्रांतून नेमकी बसेल अशी एक बारीक सळई आरपार घालायची. आता दोन्ही खाचा समोरासमोर आल्याच पाहिजेत, दुसरा मार्गच नाही. याच स्थितीत नट आवळायचे आणि सळई काढून घ्यायची. मोजपट्टी नाही, आकडेमोड नाही. कारखान्यातल्या रचनाकाराने मोजमाप त्या छिद्रातच भरून ठेवलेले असते.

अर्थात दांडा अडकण्याचे कारण दर वेळी हेच असेल असे नाही. ते ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद करून दांडा हलवून पाहायचा. इंजिन बंद असताना तो सगळ्या गिअरांत सुरळीत जातो आणि चालू असताना जात नाही, असे असेल तर दोष दांड्याचा नाही आणि पेटीचाही नाही. क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन पेटीतल्या दंडाला फिरवतच राहते, असा त्याचा अर्थ. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर सळया पेटीच्या हातांपासून सोडवायच्या आणि ते हात एकेक करून हलवून पाहायचे. एक पुढे-मागे करून मध्यावर आणायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही 'टक् टक्' करत हलले, तर पेटी निर्दोष आणि दोष वरच्या जोडण्यांत. एखादा हललाच नाही, तर मात्र आत चिमटा, गोळी किंवा कडे यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि पेटी खोलण्यावाचून गत्यंतर नाही. साखळी लांब असली की ती मध्यावर तोडून कोणता अर्धा भाग दोषी आहे ते पाहायचे, ही युक्ती वीजजोडणी तपासणारा तंत्रज्ञही वापरतो.

कधी कधी उभ्या गाडीत एखादाच गिअर पडत नाही आणि क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला की पडतो. त्यात बिघाड काहीच नसतो. दातासमोर दात आलेला असतो, एवढेच.

जमिनीतून वर येणाऱ्या दांड्याला या साऱ्या सळया आणि बुश नसतात. त्याचे खालचे टोक सरळ पेटीतच उतरते. त्यामुळे तो या प्रकारे सहसा अडकत नाही. त्याच्याही टोकाची झीज झाली की ते दोन चिमट्यांच्या खाचांमध्ये अडकू शकते, पण ते फार पुढच्या काळात. जास्त ओझे वाहणाऱ्या चार गिअरच्या पिकअपना असा जमिनीवरचा दांडा असे आणि त्यांच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ६.५ : १ च्या आसपास, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या दुपटीहून अधिक असे. तिथे मधल्या प्रवाशाच्या गुडघ्यांचा विचार मागे पडला.

हे सारे वर्गात करून पाहता येते. जाड पुठ्ठ्याच्या, सुमारे १५ सें.मी. लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या एका लांब कडेवर, बरोबर मध्यावर, आगपेटीची काडी सैलपणे मावेल अशी चौकोनी खाच कापा. खाचा असलेल्या कडा एकमेकींना चिकटतील अशा पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवा. काडीचा अर्धा तुकडा एका खाचेत आडवा ठेवा आणि पेन्सिलीच्या टोकाने त्याला दुसऱ्या पट्टीच्या खाचेत सरकवा. खाचा समोरासमोर असतील तर तो सहज जाईल. आता काडी पहिल्या खाचेत परत आणा, एक पट्टी लांबीच्या दिशेने एक मिलिमीटर सरकवा आणि पुन्हा प्रयत्न करा. मग दोन मिलिमीटर सरकवून पाहा. काडी कधी अडते, अर्धी जाऊन कधी अडकते, आणि अडकल्यावर एक पट्टी ओढली तर दुसरी तिच्याबरोबर का येते, हे वहीत टिपा. शेवटी खाचेच्या कडा कात्रीने थोड्या गोल करा, म्हणजे त्या झिजल्या असे होईल, आणि सारा प्रयोग पुन्हा करा.

आणि एक गणित शिक्षकांसाठी. वरच्या उदाहरणात मुठीचे आसापासूनचे अंतर ३० सें.मी. ऐवजी २० सें.मी. केले, तर मुठीपाशी जाणवणारा सैलपणा किती होईल? मग सगळ्याच गाड्यांत दांडा आखूड का करत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्रैराशिकाने निघते. दुसऱ्यावर मुलांना वाद घालू द्यावा.